पारेवाल्यांचा डावा दंड

रक्तदाब मोजायची यंत्रं दुरुस्त करणाऱ्या माणसाला लोक पारेवाले म्हणतात यात नवल नाही. नवल हे, की त्यांच्या सख्ख्या थोरल्या बहिणीलाही त्यांचं खरं नाव सांगायच्या आधी क्षणभर थांबावं लागे. दुकान तळमजल्यावर, एका चार मजली इमारतीच्या चौकात. आत एक लांब बाक, त्यावर हिरवं कापड, रबरी फुगे, नळ्या, झडपा, काचेच्या नळ्यांचे तुकडे आणि डोळ्यांत घालायच्या औषधाच्या बाटल्यांतून भरून ठेवलेले इवलेसे स्क्रू. एकोणसाठ वर्षांचा हा गृहस्थ त्या पसाऱ्यातून डोळे मिटूनसुद्धा हवा तो स्क्रू काढायचा. बायको जाऊन बारा वर्षं झाली होती. घर आक्का सांभाळत होती आणि आक्काला कोणीच सांभाळू शकत नव्हतं.

आता पारेवाल्यांची कामाची रीत सांगायलाच हवी, कारण पुढचा सगळा घोटाळा तिथूनच झाला. यंत्र दुरुस्त झालं की ते खरं दाखवतं की खोटं, हे ताडून बघावं लागतं. त्यासाठी एक उंच, पाऱ्याचं, कधीही न चुकणारं यंत्र ठेवतात. पारेवाल्यांकडेही ते होतं. त्यांच्या उस्तादांनी दिलेलं. त्याला ते खांब म्हणत. नळीने खांब आणि दुरुस्त केलेलं यंत्र एकमेकांना जोडायचं, हवा भरायची, दोन्ही आकडे सारखे आले की झालं. शहाणा माणूस एवढंच करतो. पारेवाले मात्र त्यानंतर यंत्र आपल्या डाव्या दंडावर बांधत, कानांत स्टेथोस्कोप घालत आणि स्वतःचा रक्तदाब बघत. तो वर्षानुवर्षं एकच यायचा. वरचा एकशे छत्तीस, खालचा चौऱ्याऐंशी.

हा दंड मुळात एवढा गुणी नव्हता. आठ वर्षांपूर्वी तो एकशे ऐंशी दाखवायचा, तेव्हा डॉक्टरांनी एक जुन्या वळणाची बारीक गोळी सुरू केली, सकाळी एक आणि झोपताना एक. आक्का आठाच्या ठोक्याला गोळी हातावर ठेवी आणि गिळेपर्यंत समोर उभी राही. अकराच्या सुमारास, चहाच्या आधी, दंड एकशे छत्तीसवर येऊन बसायचा. आज एकशे चौतीस, उद्या एकशे अडतीस, त्यापलीकडे नाही. असा दंड लाखात एकाचा, हे पारेवाले स्वतःच सांगत. खांब आणि दंड यांचं इतकी वर्षं जुळलं, की एक दिवस त्यांनी खांब कापडात गुंडाळून कपाटात ठेवून दिला. दंड असताना खांब कशाला? आपल्या शरीराबद्दल एवढी खात्री बाळगणाऱ्या माणसाकडे बघून मला नेहमीच थोडी भीती वाटते. पारेवाल्यांना वाटत नव्हती.

त्याच इमारतीत तिसऱ्या मजल्यावर पट्टीवाल्या बाई राहत. दंडाला गुंडाळायची कापडी पट्टी, जिच्या आत रबरी पिशवी असते, ती शिवण्यात त्यांचा हात धरणारं कोणी नव्हतं. वय चोपन्न, एकट्या, चष्मा कपाळावर आणि टाचण्या तोंडात. त्यांचं अक्षर छापल्यासारखं होतं, म्हणून पारेवाल्यांच्या यंत्रांवर बांधायच्या चिठ्ठ्याही त्याच लिहीत. पारेवाल्यांचं अक्षर त्यांचं त्यांनाही वाचता येत नसे. अकरा वर्षं या दोघांचा व्यवहार एका टोपलीतून चालला. खिडकीतून दोरीने टोपली खाली यायची, फाटक्या पट्ट्या वर जायच्या, शिवलेल्या पट्ट्या आणि चिठ्ठ्या खाली यायच्या. पारेवाले खालून म्हणत, "बाई, पाच आहेत." बाई वरून म्हणत, "बरं." अकरा वर्षांत एवढंच.

चार महिन्यांपूर्वी दोरी तुटली.

पारेवाले पट्ट्या काखेत मारून तीन जिने चढून गेले. दार उघडताना बाईंच्या तोंडात सहा टाचण्या होत्या, त्या न काढताच त्या म्हणाल्या, "मेस्त्री, तुम्हाला पाय आहेत हे मला आजच कळलं. वरून नुसतं टक्कल दिसायचं."

पारेवाले हसले. साधं नाही, दारात उभ्या उभ्या, चौकटीला धरून. धापही लागली होती, त्यात हसू, त्यामुळे बाईंना पाणी आणावं लागलं. पाण्यामागून चहा आला. चहासोबत एका घोड्याची गोष्ट आली. जनावरांच्या एका डॉक्टरांनी बाईंना घोड्यासाठी पट्टी शिवायला सांगितली होती आणि घोड्याचा रक्तदाब शेपटीच्या बुडाशी मोजतात. आता शेपटीचं बूड केवढं जाड असतं? बाईंनी आयुष्यात घोडा जवळून पाहिला नव्हता. दोघांनी मिळून झाडूचा दांडा मोजला, मग लाटणं मोजलं, मग पारेवाल्यांचं मनगट. शेवटी ते मनगट पाठीमागे धरून पारेवाले खुर्चीला टेकून उभे राहिले आणि बाई मागून फीत लावू लागल्या.

"हलू नका."

"घोडा हलणारच," पारेवाले म्हणाले, आणि कसं कोण जाणे, खिंकाळले.

समोरच्या गॅलरीतल्या माणसाने आपली खिडकी लावून घेतली. पारेवाले जिना उतरले तेव्हा पायऱ्या होत्या की नव्हत्या, त्यांना सांगता आलं नसतं.

नवी दोरी त्यांनी त्याच आठवड्यात आणली. चांगली जाड, वीस वर्षं टिकेल अशी. ती दुकानातल्या खिळ्यावर लटकली आणि लटकूनच राहिली. रोज दोनदा, कधी चारदा, पारेवाले जिने चढू लागले. पण फाटक्या पट्ट्या रोज कुठून येणार? तिसऱ्या आठवड्यात त्या संपल्या. एका सकाळी पारेवाल्यांनी इकडे तिकडे बघितलं, दुकानाचं दार अर्धं लोटलं आणि चिमट्याने एका चांगल्या पट्टीची शिलाई बोटभर उसवली. आयुष्यभर दुरुस्तीच करत आलेल्या माणसाने पहिल्यांदा काहीतरी बिघडवलं, आणि त्याला लाज वाटायची तर गुदगुल्या झाल्या. मग रोज एक पट्टी उसवू लागली. पहिले काही दिवस शिलाई दाद देत नव्हती. पुढे पुढे ती इतकी अलगद निघू लागली की पारेवाल्यांना वाटलं, आपला हात बसला.

आक्काच्या लक्षात आलं नाही असं समजू नका. तिने फक्त एकदा विचारलं, "तू हल्ली शीळ घालतोस. तुला शीळ येते?"

"येते वाटतं," पारेवाले म्हणाले आणि गोळी गिळली.

आता त्या दिवसाकडे येऊ. जवळच्या मोठ्या हॉस्पिटलची बावीस यंत्रं दर सहा महिन्यांनी तपासायला पारेवाल्यांकडे यायची. काटेवाली, घड्याळासारख्या तबकडीची. हे काम म्हणजे त्यांच्या दुकानाचा कणा होता. बाकी सुटी गिऱ्हाइकं येत-जात, पण उस्तादांच्या वेळेपासून हॉस्पिटलने दुसऱ्या कोणाच्या हातात यंत्र दिलं नव्हतं. त्या मंगळवारी पेटी आली. अकरा वाजता पारेवाल्यांनी पहिलं यंत्र दंडाला बांधलं. काटा खाली येत गेला, एकशे छत्तीस ओलांडून गेला, तीस गेला, वीस गेला, आणि ठोका ऐकू आला तो एकशे चौदाला.

यंत्र चुकीचं आहे, पारेवाले मनात म्हणाले. दुसरं बांधलं. एकशे चौदा. तिसरं, एकशे बारा. बाविसाव्या यंत्रापर्यंत हाच प्रकार. तुमच्या-माझ्यासारख्याने इथे कपाळाला हात लावून विचार केला असता की बावीस यंत्रं एकदम खोटं बोलतील की एक दंड? पारेवाल्यांनी विचार केलाही. पण त्यांना आठवलं की हॉस्पिटलमध्ये यंत्रांचं कपाट हल्ली बॉयलरच्या भिंतीला लागून ठेवलं आहे. उष्णतेने आतल्या पत्र्याच्या डब्या ढिल्या पडल्या असणार. कारण सापडलं की माणूस निर्धास्त होतो, मग ते खोटं का असेना. खांब चार हातांवर कपाटात उभा होता, पण साडेचारला वर चहा होता आणि बावीस यंत्रं उघडायची होती. त्यांनी शीळ घालत घालत एकेकाच्या आतल्या दांडीचा स्क्रू फिरवला आणि बावीसच्या बावीस यंत्रं एकशे छत्तीसवर आणून सोडली. बाईंनी आपल्या सुरेख अक्षरात बावीस चिठ्ठ्या लिहिल्या, 'तपासले, बरोबर आहे.' पेटी संध्याकाळी गेली.

बुधवारी सकाळी साडेनऊला हॉस्पिटलच्या मेट्रन स्वतः दुकानाच्या दारात. उंच, शांत बाई. त्यांचा आवाज चढलेला कोणी ऐकला नव्हता, आणि तो चढत नाही म्हणूनच लोक घाबरत. हातात पिशवी, पिशवीत दोन यंत्रं.

"पारेवाले, आज आमच्या वॉर्डातल्या अठ्ठावीस पेशंटांपैकी पंचवीस जणांचा रक्तदाब वाढलाय."

"अरेरे," पारेवाले म्हणाले.

"शिकाऊ नर्सेसचाही वाढलाय. माळ्याचा वाढलाय. जेवणाची गाडी ढकलतो त्याचा वाढलाय. तो बिचारा घरी निरोप पाठवायला निघाला होता. शेवटी मी माझा बघितला. माझा एकशे वीस असतो, वीस वर्षं. आज एकशे त्रेचाळीस. मग मी सगळ्यांच्या गोळ्या थांबवल्या आणि डॉक्टरांच्या खोलीतून जुनं पाऱ्याचं यंत्र आणलं. कुणाला जास्त औषध गेलं नाही. पण एक तास उशीर झाला असता तर गेलं असतं."

पारेवाल्यांनी कपाट उघडलं, खांबावरचं कापड काढलं. मेट्रननीच पट्टी त्यांच्या डाव्या दंडाला बांधली, फुगा दाबला. पारा चढला आणि सावकाश उतरला. दोघंही तिकडेच बघत होते. एकशे चौदा.

"यंत्र..." पारेवाल्यांनी तोंड उघडलं.

"हा तुमच्या उस्तादांचा खांब आहे ना?"

पारेवाल्यांनी बॉयलरशेजारच्या कपाटाचं नाव काढलं आणि वाक्य अर्ध्यावरच सोडलं. इतक्या वर्षांचा विश्वासू नोकर चोर निघावा तसा तो दंड त्यांच्या खांद्याला लटकत होता.

मेट्रन म्हणाल्या, "बाकीची वीस यंत्रं आज पाठवते. शनिवारी अकरा वाजता मी येईन. बावीस यंत्रं खांबाला लावून नीट केलेली हवीत. आणि झालं ते का झालं, याचं कारण कागदावर लेखी हवं. खरं कारण. बॉयलर वगैरे नको, मी कपाटाला हात लावून बघितलंय, ते थंड आहे. कारण पटलं तर काम तुमच्याकडे राहील. नाही पटलं तर पुढच्या वेळी पेटी दुसरीकडे जाईल."

त्या दुपारी आक्का पारेवाल्यांना हाताला धरून डॉक्टरांकडे घेऊन गेली. दुकान जायच्या भीतीपेक्षा पारेवाल्यांना दंडाचंच जास्त लागलं होतं. "डॉक्टर, गोळी बंद करू का?" त्यांनी बसायच्या आधीच विचारलं. "माझा एकशे छत्तीस परत हवाय मला."

"गोळी मनाने बंद करायची नाही," डॉक्टर म्हणाले. "ही गोळी एकदम सोडली तर दाब उसळी मारून वर जातो. तुम्ही जगातले पहिले पेशंट आहात ज्याला रक्तदाब उतरल्याचं दुःख झालंय. चार महिन्यांत काय बदललं?"

"काही नाही."

"जिने," आक्का म्हणाली. "दिवसातून चारदा, तीन मजले. पँट ढिली झालीय, मी दोनदा टाके घातले. आणि हसतो. जेवताना एकटाच हसतो. परवा वरणात चमचा ढवळत खिंकाळला."

डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. तरुण होते, आणि त्यांना शिकवायची हौस होती. "हे बघा. आपल्या मेंदूत अफूसारखी द्रव्यं तयार होतात. घरची अफू म्हणा. दुखणं सोसायला, दमल्यावर बरं वाटायला. चांगला व्यायाम झाला की ती पाझरतात, माणसं जमून खळखळून हसली की पाझरतात, असं अभ्यास करणारे सांगतात. आता तुमची गोळी. ती मेंदूत जाऊन रक्तवाहिन्या आवळणारा हुकूम सैल करते. पण काही लोकांवर प्रयोग करताना एक गंमत दिसली. गोळीने दाब उतरल्यावर त्यांना अफूचा परिणाम रोखणारी सुई दिली, तर काहींचा दाब परत वर गेला. म्हणजे त्या लोकांत ही गोळी आपल्या कामातलं थोडं काम घरच्या अफूकडून करून घेत असावी. सगळ्यांत नाही, काहींच्यात."

पारेवाले पुढे सरकले. "म्हणजे गोळी आणि ती अफू, दोघं मिळून माझ्या दंडाला खाली ओढतायत."

"तुमच्याबाबतीत तसंच झालं असं मी छातीठोकपणे सांगणार नाही. जिन्यांमुळे वजन उतरलंय, एवढ्यानेही दाब उतरतो. बहुतेक सगळ्याचंच थोडं थोडं आहे. दर आठवड्याला मोजू, आणि गोळी कमी करायची झाली तर मी सावकाश करेन."

"ती सुई," पारेवाले म्हणाले. "ती मला दिली तर आकडा वर जाईल? मेट्रनबाईंना दाखवता येईल. पुरावा."

"हौसेखातर टोचायची गोष्ट नाही ती."

"आणि समजा दिली, तर ते... बरं वाटतं, ते जाईल?"

डॉक्टरांनी त्यांच्याकडे नीट बघितलं. "कोणाला माहीत. थोडा वेळ जाईलही."

"मग नको," पारेवाले घाईने म्हणाले आणि बाही खाली ओढून घेतली. ज्याचं पोटच गोष्टी ताडून बघण्यावर चालत होतं, त्याने ही एक न ताडता सोडली.

पुढचे दोन दिवस बावीस यंत्रं उघडून, खांबाला जोडून, स्क्रू होते तिथे आणण्यात गेले. शीळ बंद, जिने बंद, कारण शिलाई उसवायला तोंड राहिलं नव्हतं. शुक्रवारी दुपारी शेवटचं यंत्र बंद झालं आणि राहिला तो कागद. आता पारेवाल्यांची पाचावर धारण बसली. कागद वाचता येईल असा लिहायचा तर तो तिसऱ्या मजल्यावरच लिहून घ्यावा लागणार. आणि खरं कारण लिहायचं तर ते जिच्याकडून लिहून घ्यायचं तिच्यासमोरच बोलावं लागणार. त्यांनी खिळ्यावरच्या नव्या दोरीकडे बघितलं. टोपलीतून पाठवता आलं असतं तर किती बरं झालं असतं.

ते वर गेले. बाईंनी टाचण्या तोंडातच ठेवून चष्मा खाली घेतला, कागद समोर ओढला. "सांगा."

"माननीय मेट्रन यांस. बावीस यंत्रं चुकली, कारण मी खांबाऐवजी माझ्या दंडावर विसंबलो. दंड बावीस अंकांनी उतरला होता. त्याची कारणं पुढीलप्रमाणे."

"पुढीलप्रमाणे," बाई लिहीत म्हणाल्या.

"कारण पहिलं, जिने."

"कुठले जिने ते लिहायचं?"

"लिहा. या इमारतीचे, तिसऱ्या मजल्यापर्यंतचे." पारेवाल्यांनी रुमालाने टक्कल पुसलं. "कारण दुसरं, हसणं. त्याने मेंदूत अफू तयार होते."

बाईंचं पेन थांबलं. "कुणाच्या?"

"माझ्या. डॉक्टर म्हणाले, असू शकतं. 'असू शकतं' असंच लिहा, खोटं नको."

"तिसरं आहे का?"

खिडकीतून चौकातला नळ गळल्याचा आवाज येत होता. पारेवाल्यांनी तोवर कधी न बघितलेली एक फळी बघितली, तिच्यावरचे दोऱ्याचे रीळ मोजले. एकोणीस होते. मग ते एका दमात बोलले, "तिसरं, दोरी नवी आणूनही बसवली नाही. फाटक्या पट्ट्या संपल्यावर मी चांगल्या पट्ट्या चिमट्याने उसवून वर आणत होतो. कारण मला वर यायचं असायचं. कामासाठी नाही. बाईंकडे. गोळी मी आठ वर्षं घेतोय, तेव्हा उतरला नाही एवढा. हे खरं कारण आहे आणि ते मान्य नसेल तर माझं काम गेलं तरी चालेल." त्यांनी श्वास घेतला. "नाही, चालणार नाही, पण ते लिहा."

बाईंनी सगळं लिहिलं. 'चालणार नाही' खोडून पुन्हा नीट लिहिलं. चेहऱ्यावरची रेघ हलली नाही. तोंडात टाचण्या असलेल्या बाईच्या चेहऱ्यावरून काय कळणार? त्यांनी कागदाची घडी घातली, त्यांच्या हातात दिली आणि म्हणाल्या, "अक्षर वाचता येईल त्यांना."

पारेवाले जिना उतरले. या खेपेला पायऱ्या होत्या, छप्पन्न, प्रत्येक त्यांच्या गुडघ्याला लागली.

शनिवारी अकराला मेट्रन आल्या. बाई आधीच दुकानात येऊन नव्या चिठ्ठ्या लिहीत बसल्या होत्या, मान वर न करता. आक्का दाराशी उभी होती. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण ती घरीही बसणार नव्हती. मेट्रननी कागद घेतला, उभ्यानेच वाचला. सावकाश वाचला. तिसऱ्या कारणापाशी पोचल्यावर त्यांनी नजर उचलून एकदा बाईंच्या वाकलेल्या मानेकडे बघितलं आणि परत वाचायला लागल्या.

"मी एकवीस वर्षं नोकरीत लेखी कारणं वाचतेय," त्या म्हणाल्या. "असं वाचलं नव्हतं. बरं. पण कागद वेगळा आणि यंत्रं वेगळी. बावीसमधलं कुठलंही एक मी उचलणार, एका माणसाच्या दंडाला लावणार. तुमचा दंड नको. तो आता साक्षीदार म्हणून बाद आहे."

"माझा घ्या," बाई म्हणाल्या. पेन खाली ठेवलं, टाचण्या काढून गादीत खोचल्या. "प्रत्येक पट्टी मी माझ्या दंडावर फुगवून बघते. गेल्या वर्षी तुमच्याच शिबिरात तीनदा मोजलात. एकशे आठ. माझा हलत नाही."

मेट्रननी मान हलवली. पारेवाल्यांनी पट्टी उचलली. अकरा वर्षांत या बाईंच्या हाताला त्यांनी कधी हात लावला नव्हता. घोड्याच्या वेळी फीत होती मधे. त्यांनी दंडाभोवती पट्टी गुंडाळली, दोन बोटं आत घालून घट्टपणा बघितला, तो नेहमीपेक्षा थोडा जास्त वेळ बघितला. फुगा दाबला. मेट्रननी कानांत स्टेथोस्कोप घातला आणि काटा सावकाश खाली येऊ लागला.

"एकशे बेचाळीस," मेट्रन म्हणाल्या.

मेट्रननी पुन्हा मोजलं. एकशे चव्वेचाळीस. त्यांनी स्टेथोस्कोप गळ्यात घेतला, आणि त्यांचा आवाज आणखी शांत झाला. "पारेवाले, हे परत तेच. यंत्र वरचं दाखवतंय."

आक्काने पदर तोंडाला लावला. दुकान, उस्तादांचं नाव, बावीस यंत्रांची पेटी, सगळं त्या एका काट्याच्या टोकावर येऊन बसलं होतं. बाईसुद्धा घाबरून तबकडीकडे बघत होत्या. "बिघडलंय का हो?" त्यांनी बारीक आवाजात विचारलं.

पारेवाल्यांचा हात सवयीने स्क्रूकडे गेला. मग थांबला. त्यांनी वळून खांब पुढे ओढला, नळीला तीन तोंडांची जोडणी लावली, खांब आणि तबकडी दोन्ही त्याच पट्टीला जोडली, बाईंच्या दंडाला तशीच. हवा भरली. सोडली. पारा आणि काटा बरोबरीने उतरत आले, हातात हात घालून उतरावं तसे, आणि मेट्रनच्या कानात ठोका पडला तेव्हा दोन्ही एकशे चाळीसच्या किंचित वर होते, एकाच आकड्यावर.

पारेवाल्यांनी बाईंकडे बघितलं. त्यांचे कान लाल झाले होते. मानेवरची शीर उडताना दिसत होती. चार महिने हसून हसून ज्याचा दाब खाली गेला त्या माणसाला, त्याच कारणाने एखादीचा वर उसळतो तेव्हा कसं दिसतं, हे तेवढ्यात कळलं, आणि त्याच्या छातीत इतका आनंद दाटला की त्याला बाकाचा आधार घ्यावा लागला.

"यंत्र बरोबर आहे," पारेवाले म्हणाले.

मेट्रन खांबाकडे बघत राहिल्या, मग बाईंच्या कानांकडे. "हो," त्या म्हणाल्या. "यंत्र बरोबर आहे. पण कागद अपुरा वाटतो."

बाईंनी दंडावरची पट्टी तशीच राहू दिली, उजव्या हाताने कागद ओढला, पेन उचललं आणि तिसऱ्या कारणाखाली आपल्या छापील अक्षरात, एकही खाडाखोड न करता, चौथं लिहिलं. पारेवाले खांद्यावरून वाचत होते. 'कारण चौथे. उसवलेल्या पट्ट्या परत शिवताना मी शिलाई कच्ची घालत होते. चिमट्याला त्रास होऊ नये म्हणून.'

खाली त्यांनी तारीख घातली. मेट्रननी पेन मागून घेतलं आणि सही केली.